इंजिन ट्यूनिंग

इंजिन ट्यूनिंग म्हणजे कारखान्यातून बाहेर पडलेल्या मोटारगाडीच्या इंजिनात शक्ती वाढवण्याच्या हेतूने नंतर केलेले फेरबदल होत. यात एअर फिल्टर किंवा सायलेन्सर बदलण्यासारख्या किरकोळ बदलांपासून टर्बोचार्जर बसवण्यापर्यंतच्या कामांचा समावेश होतो. रोजच्या वापरातील गाड्यांमध्ये बहुधा ५ ते २० अश्वशक्तींची माफक वाढ अपेक्षित असते. अशी वाढ कितपत प्रत्यक्षात येते आणि तिच्यासाठी कोणती किंमत मोजावी लागते, हा या विषयातील मुख्य प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेत १९३२ साली आलेल्या फोर्ड व्ही-८ इंजिनामुळे स्वस्त गाड्या वेगवान करण्याच्या छंदाला चालना मिळाली. या छंदातून 'हॉट रॉड' परंपरा वाढली. इटलीत १९४९ साली कार्लो अबार्थ यांनी स्थापन केलेल्या कंपनीने फियाटच्या छोट्या गाड्यांसाठी सायलेन्सर व ट्यूनिंगचे संच विकून नाव कमावले. त्या काळी कार्ब्युरेटर व ठिणगीची वेळ हाताने जुळवली जात असे. आता हे काम इंजिन नियंत्रण एकक (ईसीयू) हा संगणक करतो.

तत्त्व

इंजिनाची शक्ती ही टॉर्क आणि फिरण्याचा वेग यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. किलोवॉटमधील शक्ती काढण्यासाठी न्यूटन-मीटरमधील टॉर्क व दर मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार करून त्याला ९,५४९ ने भागतात. उदाहरणार्थ, ६,००० फेऱ्यांना १०० न्यूटन-मीटर टॉर्क देणारे इंजिन सुमारे ६३ किलोवॉट, म्हणजे ८५ मेट्रिक अश्वशक्ती निर्माण करते.

शक्तीचे मूळ जळणाऱ्या इंधनात असले, तरी खरी मर्यादा हवेची असते. एक भाग पेट्रोल पूर्णपणे जाळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. १.२ लिटरचे चार-धावी इंजिन ६,००० फेऱ्यांना जास्तीत जास्त सुमारे ३,६०० लिटर हवा दर मिनिटाला ओढू शकते. त्यामुळे शक्ती वाढवण्याचे मार्ग मोजकेच उरतात. अधिक हवा भरणे, तेवढ्याच हवेतून अधिक काम काढून घेणे, फेरे वाढवणे किंवा घर्षण कमी करणे, यांपैकी एक किंवा अनेक मार्ग अवलंबावे लागतात.

प्रमुख फेरबदल

एअर फिल्टर व थंड हवेची नळी: बॉनेटखालील ५० अंश सेल्सिअसच्या हवेऐवजी बाहेरची ३० अंशांची हवा घेतल्यास तिची घनता सुमारे ६.५ टक्क्यांनी वाढते. मात्र अनेक आधुनिक गाड्यांची मूळ नळी आधीच बाहेरून हवा घेते. त्यामुळे केवळ फिल्टर बदलून मिळणारा फायदा अनेकदा मोजमापातील त्रुटीइतकाच असतो. आवाज मात्र वाढतो, आणि गाडी अधिक जोरकस झाल्याचा भास होतो.

सायलेन्सर व एक्झॉस्ट मॅनिफोल्ड: जळालेल्या वायूंना होणारा अडथळा कमी केल्यास वरच्या फेऱ्यांना थोडी शक्ती वाढते. नळ्यांची लांबी व व्यास चुकल्यास खालच्या फेऱ्यांचा टॉर्क घटतो, आणि शहरातील वाहतुकीत नेमका तोच लागतो.

संपीडन गुणोत्तर: आदर्श ऑटो चक्रानुसार हे गुणोत्तर १० वरून ११ केल्यास कार्यक्षमता सापेक्षतः सुमारे अडीच टक्के वाढते. मात्र हेड किंवा पिस्टनचे काम करावे लागत असल्याने खर्चाच्या मानाने हा लाभ लहान ठरतो.

रीमॅपिंग: ईसीयूमधील इंधन, ठिणगी व टर्बोचा दाब यांची कोष्टके बदलण्याला रीमॅपिंग म्हणतात. टर्बो नसलेल्या इंजिनात हवेचे प्रमाण जवळजवळ तेच राहत असल्याने वाढ अल्प असते. टर्बो इंजिनात दाब वाढवता येत असल्याने तीच पद्धत बरीच अधिक शक्ती देते.

मोजमाप

कंपन्यांनी जाहीर केलेली शक्ती क्रँकशाफ्टवरची असते, तर कार्यशाळेतील डायनो बहुधा चाकांवरची शक्ती मोजतो. गिअरबॉक्स व टायर यांतील व्ययामुळे दुसरा आकडा साधारण १० ते २० टक्के कमी येतो. म्हणून फेरबदलापूर्वीची व नंतरची मोजणी एकाच यंत्रावर, समान तापमानात आणि अनेकदा केल्याशिवाय चार-पाच अश्वशक्तींच्या दाव्याला अर्थ उरत नाही.

धोके

ठिणगी लवकर दिल्यास किंवा दाब वाढवल्यास मिश्रण वेळेआधी स्वतःहून पेटण्याची शक्यता वाढते. या नॉकिंगमुळे पिस्टन व बेअरिंगची हानी होऊ शकते. अधिक ऑक्टेनचे पेट्रोल हा धोका कमी करते, पण ईसीयू त्यानुसार जुळवलेला नसेल तर महाग इंधनाने शक्ती सहसा वाढत नाही. वाढीव टॉर्कचा भार क्लच व गिअरबॉक्सवरही पडतो. ब्रेक व टायर मूळ क्षमतेचेच राहिल्यास वाढलेला वेग आवरणे कठीण होते. बिघाड फेरबदलामुळे झाला असल्यास उत्पादक हमी नाकारू शकतो. बदल न कळवल्यास विम्याचा दावाही अडचणीत येतो.

भारतातील कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही. सीएनजी संचासारख्या काही बाबींना अटींसह परवानगी मिळते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२क नुसार अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढल्यास गाडी प्रदूषणाच्या निकषांतही बसत नाही. नव्या वाहनांना विक्रीपूर्वी पुण्यातील एआरएआयसारख्या संस्थांकडून प्रमाणित करून घ्यावे लागते. इंजिनातील नंतरचे बदल या प्रमाणनाच्या कक्षेबाहेर राहतात.

पर्याय

वेग घेण्याची क्षमता शक्ती व वजन यांच्या गुणोत्तरावर ठरते. १,००० किलोग्रॅम वजनाच्या ८५ अश्वशक्तीच्या गाडीतील ५० किलोग्रॅम अनावश्यक सामान काढल्यास गुणोत्तरात होणारी सुधारणा सुमारे साडेचार अश्वशक्ती वाढवण्याइतकी असते. जुन्या गाडीत स्वच्छ फिल्टर, नवे प्लग, योग्य तेल, टायरमधील योग्य हवा आणि सिलिंडरच्या दाबाची तपासणी यांमुळे हरवलेली मूळ शक्ती परत मिळू शकते. त्यासाठी हमी किंवा कायदा यांना बाधा येत नाही. याहून मोठी वाढ हवी असल्यास अधिक शक्तीचे इंजिन असलेली गाडी घेणे अनेकदा किफायतशीर ठरते, कारण तिचे ब्रेक, गिअरबॉक्स व शीतन यंत्रणा त्या शक्तीसाठीच आखलेली असते.