पुराच्या पाण्यातली माती जाते कुठं?

पावसाळ्यात तेल्हाऱ्याकडच्या नाल्याचं गढूळ पाणी काचेच्या बाटलीत भरून ठेवा. बारीक वाळू मिनिटभरात तळाला बसते. पाणी मात्र दुसऱ्या दिवशीही चहासारखंच! चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरहूनही लहान. स्थिर पाण्यात मीटरभर खाली जायला त्याला तीन दिवसांहून जास्त लागतात. वाहत्या पाण्यात तो बसणार कधी? आपल्या खारपाणपट्ट्यात तर जमिनीतला सोडियम मातीचे कण एकमेकांपासून सोडवतो, म्हणून पाणी आणखी गढूळ.

सातपुड्यातून येणाऱ्या वान नदीचा बराच गाळ वारी भैरवगडच्या धरणात अडतो. पण धरणाखालच्या काळ्या रानातली माती नाल्यांतून थेट पूर्णा नदीत, तिथून तापीवरच्या हतनूर धरणात जाते.

माती रानातून येतच राहते, म्हणून नुसतं नाला खोलीकरण मला अपुरं वाटतं. त्यातही काढलेला गाळ काठावरच टाकला, तर पहिल्या जोरदार पावसात तो परत पात्रात! २०१७ च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेप्रमाणे तो शेतात न्यावा. आणि काम वरून सुरू व्हावं: आधी उताराला आडवी पेरणी, बांध, काठावर गवताचा पट्टा, पात्रात जेसीबी त्यानंतर.