पानांवरून पडद्यावर – भाग 7 : रॉजरला वाचवण्याची किंमत

पुस्तकात रॉजर मरतो. ज्यांनी फिलिप पुलमनचं ‘नॉर्दर्न लाइट्स’ अजून वाचलेलं नाही त्यांची माफी मागतो. पण आजचा सगळा विषय त्या मृत्यूभोवतीच आहे, त्यामुळे रहस्य फोडण्यावाचून इलाज नाही.

रॉजर म्हणजे ऑक्सफर्डच्या जॉर्डन कॉलेजच्या मुदपाकखान्यात काम करणारा पोरगा, लायराचा जिवलग सवंगडी. त्याला पळवून नेतात म्हणून लायरा पार उत्तरेच्या बर्फात जाते, त्याला सोडवते आणि मग नकळत स्वतःच त्याला मारेकऱ्याच्या दारात नेऊन उभा करते. मारेकरी तिचा बापच असतो. लॉर्ड अ‍ॅझ्रिएलला दुसऱ्या जगाची वाट उघडायची असते, त्यासाठी लागणारी प्रचंड ऊर्जा एखाद्या मुलाला त्याच्या ‘डीमन’पासून, म्हणजे शरीराबाहेर वावरणाऱ्या आत्म्यापासून, तोडलं की मिळते. लायराला वाटत असतं, बाबांना आपल्याजवळचं सत्य सांगणारं यंत्र हवंय. बाबांना हवं असतं एक मूल. रॉजर मरतो, आकाशात वाट उघडते आणि लायरा त्या वाटेनं एकटी निघते. 1995 साली आलेल्या या कादंबरीचा शेवट असा आहे.

याच कादंबरीवरून डिसेंबर 2007 मध्ये आलेल्या ‘द गोल्डन कंपास’ या सिनेमात मात्र रॉजर जिवंत आहे. लायराच्या शेजारी हवाई जहाजात बसून तो उत्तरेकडे चाललाय, बाबा भेटणार म्हणून लायरा खुशीत आहे आणि तिथेच पडदा पडतो. पुस्तकाची शेवटची तीन प्रकरणं सिनेमात नाहीत. ती चित्रित झाली होती. प्रदर्शनाच्या काही महिने आधी कापली गेली आणि ‘पुढच्या भागात घेऊ’ असं जाहीर झालं. पुढचा भाग कधी निघालाच नाही.

पुस्तकातलं काही गाळलं म्हणून सिनेमा वाईट ठरत नाही, हे आधी मान्य करून टाकू. अल्फोन्सो क्वारोनच्या 2004 च्या तिसऱ्या ‘हॅरी पॉटर’मध्ये तो जादूचा नकाशा कुणी बनवला याचा सगळा इतिहास गायब आहे, तरी त्या मालिकेतला तो सगळ्यात देखणा सिनेमा असं म्हणणारे पुष्कळ आहेत, मीही त्यातलाच. चारशे पानं दोन तासांत बसवायची तर पाडापाडी आलीच. पाडताना भिंत पाडली की खांब, एवढंच बघायचं. आणि खांब पाडला असेल, तर तो कोणत्या धास्तीनं पाडला हेही बघायला हवं. ‘गोल्डन कंपास’चं हे सगळं उघड्यावर घडलं, म्हणून तो अभ्यासायला सोयीचा.

2001 च्या नोव्हेंबरात पहिला ‘हॅरी पॉटर’ आला आणि डिसेंबरात ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला भाग. त्या दोन महिन्यांनंतर हॉलिवुडमध्ये मुलांच्या अद्भुत कादंबऱ्यांचे हक्क घ्यायची झुंबड उडाली. ‘रिंग्ज’ काढणारी न्यू लाइन सिनेमा ही कंपनी तर आता नव्या त्रयीच्या शोधातच होती. पुलमनची ‘हिज डार्क मटेरिअल्स’ ही त्रयी तेव्हा ऐन भरात होती. तिच्या शेवटच्या पुस्तकाला व्हिटब्रेड पारितोषिकाच्या सर्व गटांतलं सर्वोत्तम पुस्तक ठरवलं गेलं होतं आणि मुलांच्या पुस्तकाला तो मान पहिल्यांदाच मिळाला होता. पटकथा आधी टॉम स्टॉपार्डसारख्या नाटककारानं लिहिली, ती बाजूला पडली. क्रिस वाइट्झ दिग्दर्शक म्हणून आला, एवढं अवाढव्य काम झेपणार नाही म्हणून 2004 मध्ये पायउतार झाला, त्याच्या जागी आनंद टकर आला, तोही गेला आणि वाइट्झ परत आला. एवढ्या ये-जा झाल्यावर सिनेमावर ठाम हात कुणाचा, हा प्रश्न पडतोच. नंतर वाइट्झनं मुलाखतींत सांगितलं की अखेरचं संकलन त्याच्या हातात राहिलं नव्हतं.

खर्च झाला सुमारे 18 कोटी डॉलर. एवढी रक्कम एकट्यानं उभी करण्यापेक्षा न्यू लाइननं रूढ मार्ग धरला. अमेरिकेबाहेरच्या देशांतले वितरणाचे हक्क आधीच विकून टाकले. यात पैसा आगाऊ हातात येतो आणि जोखीम वाटली जाते. पण त्या देशांत सिनेमा तुफान चालला तर तो गल्ला वितरकांचा. मग घडलं असं, की सिनेमानं जगभरात सुमारे 37 कोटी डॉलर मिळवले आणि त्यांतले अमेरिकेतले फक्त 7 कोटी. म्हणजे जिथली कमाई न्यू लाइनच्या खिशात जाणार, नेमका तिथेच तो पडला. 2008 च्या फेब्रुवारीत कंपनीचं स्वतंत्र अस्तित्व संपलं, ती वॉर्नर ब्रदर्समध्ये विरून गेली. हे काही एकमेव कारण नव्हतं, पण शेवटचा धक्का हाच, असं मानलं जातं.

आता हा हिशेब रॉजरच्या शेजारी ठेवून बघा. फक्त अमेरिकन प्रेक्षकाचाच पैसा आपल्याला मिळणार असेल, तर अमेरिकेत कोण रागावेल याची भीती सगळ्यात मोठी होते. आणि पुलमनच्या पुस्तकावर रागावणारे तिथे भरपूर. या त्रयीत मुलांवर अत्याचार करणारी संस्था म्हणजे सरळसरळ चर्च आहे. पुस्तकातल्या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात त्याच्या शरीराबाहेर, शेजारी वावरतो, तोच डीमन. मुलांचे डीमन क्षणात मांजर, क्षणात पतंग होतात. वयात आल्यावर ते एका रूपात स्थिरावतात. त्याच सुमारास माणसावर ‘डस्ट’ नावाचा अदृश्य कण साठू लागतो. चर्चच्या मते डस्ट म्हणजे आदिम पाप. म्हणून वयात येण्यापूर्वीच मूल आणि डीमन यांना कापून अलग करायचं, की पाप चिकटणारच नाही. उत्तरेतल्या बोलवांगर केंद्रात हेच चालतं. क्रूर आहे, पण त्यामागे विचार आहे, आणि विचार असल्यामुळेच ते जास्त भयानक आहे.

सिनेमात ‘चर्च’ हा उच्चार नाही. आहे ते ‘मॅजिस्टेरियम’, काळ्या कपड्यांतली एक हुकूमशाही यंत्रणा, कुठल्याही सिनेमात शोभावी अशी. फार पूर्वी कुणीतरी आज्ञा मोडली होती, एवढा पुसट उल्लेख तेवढा उरलाय. त्यामुळे बोलवांगरमध्ये मुलांना का कापतात हे कळतच नाही. दुष्ट माणसं आहेत, दुष्टपणा करतात!

इतकी काळजी घेऊन मिळवलं काय? अमेरिकेतल्या कॅथलिक लीग या संघटनेनं तरीही बहिष्काराची मोहीम काढली. त्यांचा मुद्दा मुळीच बावळट नव्हता. सिनेमा सौम्य आहे हे आम्हाला मान्य, पण तो आवडला की मुलं पुस्तकं मागतील, आणि पुस्तकं सौम्य नाहीत! तिकडे ब्रिटनच्या नॅशनल सेक्युलर सोसायटीनं पुस्तकाचा गाभाच काढून टाकला म्हणून टीका केली. ज्यांच्यासाठी चर्च काढलं ते आले नाहीत, आणि ज्यांना ते हवं होतं ते हिरमुसले.

शेवट कापण्यामागेही हीच वृत्ती. नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन आलेल्या आईबापांना पोराचा मृत्यू कसा दाखवायचा? गंमत म्हणजे याच सिनेमात दोन अस्वलांची झुंज आहे आणि तिच्यात एका फटक्यासरशी अस्वलाच्या राजाचा जबडा उडून पडतो. ते चाललं. रॉजर चालला नाही. मुलं रक्ताला घाबरत नाहीत, विश्वासघातानं हादरतात, हे पुलमनला ठाऊक होतं. शाळेत पंचवीस वर्षं काढलेल्या कुठल्याही बाईंनाही ते ठाऊक असतं.

पुस्तकातला आणखी एक प्रसंग आठवतो. डीमन कापला गेलेला टोनी मकॅरिओस हा मुलगा लायराला एका झोपडीत सापडतो. डीमनच्या जागी त्यानं एक वाळका मासा छातीशी घट्ट धरलाय. रात्रीतून तो मरतो. कुणीतरी तो मासा काढून घेतल्याचं कळल्यावर लायरा भडकते. मग एका नाण्यावर त्याच्या डीमनचं नाव कोरून ते मृत मुलाच्या तोंडात ठेवते. पान-दीड पानाचा ऐवज, पण कापणं म्हणजे काय हे तिथे कळतं. सिनेमात हा टोनी नाहीच. त्याच्या जागी दुसराच मुलगा सापडतो आणि तो आईच्या कुशीत परततो.

शिवाय सिनेमा सुरू होतो तोच निवेदनानं. डीमन म्हणजे काय, डस्ट म्हणजे काय, यंत्र काय करतं, सगळं पहिल्या दोन मिनिटांत सांगून मोकळे. पुलमन यातलं काहीच सांगत नाही. लायरा आणि तिचा डीमन अंधाऱ्या दालनातून लपतछपत निघालेत, एवढ्यावर तो गोष्ट सुरू करतो आणि वाचक चाचपडत मागून जातो. हे चाचपडणं हाच अशा पुस्तकांचा अर्धा आनंद. तिकीट काढून आलेला माणूस चाचपडेल, ही स्टुडिओची दुसरी धास्ती.

तिसरी धास्ती वयाची. रिक रायर्डनच्या पहिल्या पुस्तकात पर्सी जॅक्सन 12 वर्षांचा आहे. पाच पुस्तकांत तो वर्षावर्षानं वाढतो, कारण भविष्यवाणी त्याच्या सोळाव्या वाढदिवसावर टांगलेली आहे. 2010 च्या सिनेमात तो पहिल्याच दृश्यापासून मिसरूड फुटायच्या वयाचा. किशोरवयीन प्रेक्षक मिळावा हा हेतू. रायर्डननं 2009 मध्येच निर्मात्यांना पत्रं लिहून बजावलं होतं की खरे वाचक यानं तुटतील. ती पत्रं त्यानं 2018 मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. व्यवसायातली माणसं कसा विचार करतात हे कळायला ती जरूर वाचावीत. 2013 च्या दुसऱ्या सिनेमात तर भविष्यवाणीतलं सोळाचं वीस करावं लागलं. नायकाचं वय चुकलं म्हणून नियतीनं तारीख बदलून दिली!

(आपल्याकडे भा. रा. भागवतांचा शाळकरी बनेश फेणे 2017 च्या ‘फास्टर फेणे’त वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसणारा तरुण झाला. तो सिनेमा चालला, मलाही आवडला. पण त्याला नवी गोष्ट रचायची होती, पुस्तक पडद्यावर आणायचं नव्हतं. त्यामुळे त्याला या रांगेत उभं करणं अन्यायाचं होईल.)

‘एरागॉन’बद्दल फार लिहावं असं काही नाही. क्रिस्टोफर पाओलिनीच्या पुस्तकात ड्रॅगन महिने घेऊन वाढतो आणि तोवर त्याचं आणि मुलाचं नातं जमतं; 2006 च्या सिनेमात सफीरा एका उड्डाणात पिल्लाची पूर्ण ड्रॅगन होते. पुढच्या पुस्तकांत लागणारे राझाक हे खलनायक पहिल्याच सिनेमात मारून टाकले. दुसरं पुस्तक सिनेमाच्या आधी वर्षभर दुकानात आलं होतं, निदान ते तरी कुणी चाळायचं.

‘गोल्डन कंपास’ला ऑस्कर मिळालं, दृश्य-परिणामांसाठी, आणि ते रास्तच होतं. त्यातली अस्वलं आजही बघावीत. पुढे 2019 मध्ये बीबीसी आणि एचबीओनं मिळून मालिका काढली. पहिल्या पर्वाच्या आठव्या भागात रॉजर मेला, वाट उघडली, लायरा चालती झाली. चर्चची पाठराखणही कुणी केली नाही. तीन पर्वांत तिन्ही पुस्तकं पूर्ण झाली. मात्र तिथे वेगळीच काटकसर दिसते. डीमन संगणकावर तयार करायचे तर प्रत्येकाचा खर्च, म्हणून ते पडद्यावर मोजकेच. गर्दीच्या प्रसंगांत तर बहुतेक माणसं डीमनविना फिरताना दिसतात, आणि त्या जगात डीमन नसलेलं माणूस पाहून लोकांनी शहारायला हवं. तरी दोन्हींतलं एक निवडायचं तर मी मालिका निवडीन.

पुढच्या आठवड्यात अर्सुला ले ग्विनचं ‘अर्थसी’. तिचा नायक तांबूस-तपकिरी कातडीचा होता. 2004 च्या अमेरिकन टीव्ही-रूपांतरात तो गोरा झाला. त्यावर ती गप्प बसली नाही.