कुक्कुटगृहातील अमोनिया वायू

निफाडची थंडी नाशिक जिल्ह्यात प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रावरील पहाटेचे तापमान डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्रांतून आवर्जून दिले जाते. ही थंडी गव्हास मानवते. द्राक्षबागाइतदार मात्र काळजीत पडतो आणि कोंबड्या पाळणारा शेतकरी रात्री शेडचे पडदे चहूबाजूंनी घट्ट बांधतो. पिलांना ऊब मिळावी हा हेतू रास्तच. परंतु बंद शेडमध्ये साठणारा अमोनिया वायू थंडीइतकाच घातक ठरू शकतो.

नत्राचा एक व हायड्रोजनचे तीन अणू मिळून झालेला हा रंगहीन, उग्र वासाचा वायू होय. कोंबड्यांच्या विष्ठेतील यूरिक आम्लाचे जंतूंकडून विघटन होऊन तो सुटतो. गादीचे तूस ओले असल्यास हे कार्य झपाट्याने चालते. गादीवर चुना टाकल्यास वायू प्रथम अधिकच सुटतो. म्हणून पडदे बंद असताना चुना टाकू नये.

हा वायू पाण्यात विलक्षण विद्राव्य आहे. साधारण तापमानास एक लिटर पाणी सुमारे ७०० लिटर वायू शोषून घेते व ते द्रावण क्षारधर्मी असते. डोळे, नाक, घसा व श्वासनलिका यांचा पृष्ठभाग सदैव ओलसर असल्याने वायू तेथेच विरघळून दाह करतो. कोंबड्यांचे डोळे पाणावतात, खाणे घटते. श्वासनलिकेतील सूक्ष्म केस निकामी होऊन मानमोडीसारख्या रोगांस वाट मोकळी होते. हवेच्या दहा लक्ष भागांत अमोनियाचे २५ भाग ही मर्यादा सामान्यतः मानली जाते. ३०० भागांची हवा मनुष्याच्या जिवास धोक्याची असते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. नाकास या वासाची लवकर सवय होते. दिवसभर शेडमध्ये वावरणाऱ्यास वास जाणवत नाही, म्हणून वायू नाही असे समजणे चुकीचे होय. पहाटे मोकळ्या हवेतून प्रथम आत जाणाऱ्याने कोंबडीच्या उंचीइतके खाली बसून वास घ्यावा. हळद लावलेला ओला कागद तांबूस झाला, तर वायू पुष्कळ आहे असे समजावे. न झाल्यास मात्र निर्धास्त होऊ नये. पडदे वरच्या बाजूने वीतभर उघडे ठेवावेत, म्हणजे हवेहून हलका असलेला हा वायू बाहेर जातो. पाण्याची गळती थांबवावी व ओले तूस काढून कोरडे पसरावे.

डोळ्यांची आग झाल्यास त्वरित उघड्या हवेत येऊन निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत. दम लागत असल्यास दवाखाना गाठावा.

अमोनिया आपल्या शरीरातही सतत तयार होतो. यकृत त्याचे युरियात रूपांतर करते व तो लघवीवाटे जातो. यकृत निकामी झाल्यास अमोनिया रक्तात साठून मेंदूवर परिणाम होतो. रुग्ण दिवसा झोपतो, रात्री जागतो, असंबद्ध बोलतो. त्याचे हात थरथरतात. याचा शेडमधील वायूशी संबंध नाही. पण यकृताच्या जुन्या रुग्णात अशी लक्षणे दिसताच ‘बाहेरची बाधा’ म्हणून भगताकडे वेळ घालविणे प्राणघातक ठरते. ग्रामीण कार्यकर्त्यांनी अशा रुग्णास त्याच दिवशी डॉक्टरांकडे पोहोचवावे.