'सर्व्हर डाऊन'च्या पाटीमागे काय आहे?

गेल्या पावसाळ्यात परळच्या एका भगिनीबरोबर आम्ही एका सरकारी कचेरीत तीन वेळा गेलो. काम साधे होते. मुलीच्या जन्मदाखल्याची नवी प्रत हवी होती. पहिल्या दिवशी खिडकीवर उत्तर मिळाले, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दाखला निघाला, पण वडिलांच्या नावातले एक जोडाक्षर गायब होते आणि त्या जागी रिकामा चौकोन उमटला होता.

"सिस्टिम जुनी आहे, आपा. आम्ही तरी काय करणार?" खिडकीवरचे कर्मचारी म्हणाले. त्यांच्या आवाजात उर्मटपणा नव्हता, थकवा होता. ही भगिनी लालबागला शिवणकामाला जाते. तीन खाड्यांची मजुरी गेली आणि नावदुरुस्तीचा अर्ज पुन्हा वेगळा.

परतताना त्यांनी आम्हाला विचारले, "सिस्टिम जुनी म्हणजे किती जुनी? हे आपल्याला कोणी सांगेल का?" हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

एका अक्षराची किंमत

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, पासपोर्ट, विवाहनोंदणी अशा कामांत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. आपल्या घरांत आधीच एकच नाव मोहम्मद, मुहम्मद, मोहंमद असे तीन तऱ्हांनी लिहिले जाते. त्यात संगणकाने एखादे अक्षर खाल्ले, तर पुढे प्रत्येक कागदाशी झगडणे आले.

अक्षर का हरवते, याचे एक कारण जुन्या मराठी फॉण्टमध्ये आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी सरकारी कचेऱ्यांत मराठी टंकलेखनासाठी वेगवेगळे फॉण्ट वापरले जात. त्यांत पडद्यावर 'क' दिसला, तरी संगणकाच्या पोटात मात्र एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असे. तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की मजकुराचा विचका होतो, आणि नाव टाकून शोधले तर सापडत नाही. अशा नोंदी नव्या प्रणालीत नेताना नीट तपासल्या नाहीत, तर चूक कायमची राहते.

दुसरे दुखणे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीचे. विंडोज एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ ला थांबल्या, विंडोज ७ च्या १४ जानेवारी २०२० ला, आणि विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर संगणक चालू राहतो, पण घराच्या दाराची कडी तुटलेली असावी तसा.

कडी तुटली की काय होते, ते दिल्लीच्या एम्स रुग्णालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अनुभवले. सायबर हल्ल्यात पाच सर्व्हर सापडले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि कित्येक दिवस रुग्णांची नोंद हाताने करावी लागली. हे आकडे आपल्याला कळले, कारण संसदेत प्रश्न विचारला गेला आणि सरकारला उत्तर द्यावे लागले.

आपल्या मुंबईतले उदाहरण

मुंबई महापालिकेच्या खर्चाचे भारताच्या महालेखापरीक्षकांनी विशेष लेखापरीक्षण केले आणि तो अहवाल मार्च २०२३ मध्ये विधानसभेत मांडला गेला. त्यात रस्ते-पुलांबरोबर माहिती तंत्रज्ञान विभागही होता. महापालिकेच्या सॅप संगणकप्रणालीचे १५९.९५ कोटी रुपयांचे काम निविदा न काढता दिले गेले, असा आक्षेप त्यात नोंदवला गेला. म्हणजे परळ, दादर, गिरगावच्या करदात्याला आपल्या महापालिकेच्या संगणकावर किती पैसा गेला, हे विचारण्याचा हक्क आहे आणि ते कागदावर उपलब्धही असते. ते मागावे मात्र लागते.

कायदा काय देतो?

माहितीचा अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे. महाराष्ट्राने त्याआधीच, २००२ मध्ये, स्वतःचा कायदा केला होता. केंद्रीय कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कार्यालयांनी आपल्या नोंदी सूचीबद्ध ठेवायच्या आणि साधनसामग्री असेल तशा संगणकावर आणायच्या आहेत. 'माहिती' या शब्दात करारनामे, रोजवह्या, अहवाल आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील मजकूरही येतो. गंमत अशी, की माहिती फ्लॉपीवर मिळण्याचा हक्कही या कायद्यात लिहिलेला आहे. आज ती फ्लॉपी वाचणारे यंत्र शोधावे लागेल!

पण अधिकारी म्हणतील, "ही सुरक्षेची बाब आहे." यात तथ्य आहे. कोणत्या सर्व्हरला कोणते भोक आहे, हे जाहीर केले तर चोराचे फावते. सायबर सुरक्षेची केंद्रीय संस्था सर्ट-इन हिला नोव्हेंबर २०२३ मध्ये या कायद्यातून बरीचशी सूट मिळाली. मात्र ती सूट त्या संस्थेला आहे, वॉर्ड कार्यालयाला नाही. शिवाय कलम १० सांगते की गोपनीय भाग वगळून उरलेली माहिती द्यावी.

अमेरिकेने हा मध्यममार्ग वापरला. तेथील सरकारी लेखापरीक्षण संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केले, की अण्वस्त्रदलांच्या एका यंत्रणेत अजून १९७० च्या दशकातला संगणक आणि आठ इंची फ्लॉपी वापरात आहे. बोभाटा झाला, आणि २०१९ पर्यंत त्या फ्लॉपी गेल्या. त्याच संस्थेने २०१९ मध्ये सर्वांत तातडीच्या दहा जुन्या प्रणालींचा अहवाल काढला, पण प्रणालींची नावे न देता फक्त क्रमांक दिले. वय आणि खर्च सांगितला, कमकुवत दाराचा पत्ता सांगितला नाही.

अर्ज कसा करावा?

अर्ज संबंधित कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा. परळ-लालबागला महापालिकेचे 'एफ दक्षिण', दादर पश्चिमेला 'जी उत्तर', गिरगावच्या बऱ्याच भागाला 'डी' विभाग कार्यालय लागते. अर्ज चुकीच्या ठिकाणी गेला, तरी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना माफ. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द.

'असे का?' असे विचारू नये. अधिकारी आपल्याकडे असलेली माहिती देतो, खुलासे लिहून देणे त्याच्यावर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून कागद मागावेत:

१. दाखले देणाऱ्या खिडक्यांवरील संगणकांची संख्या आणि खरेदीचे वर्ष.
२. त्यांवरील विंडोज किंवा अन्य प्रणालीचे नाव.
३. देखभाल कराराची प्रत आणि वार्षिक रक्कम.
४. गेल्या वर्षभरात यंत्रणा किती दिवस बंद होती, त्या नोंदवहीची प्रत.
५. शेवटच्या सुरक्षा तपासणीची तारीख. अहवाल मागू नये.

उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयात प्रथम अपील, आणि नंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

त्या भगिनीने असाच अर्ज केला. लिहिला मुलीने, सही आईची. सत्ताविसाव्या दिवशी उत्तर आले. संगणकांची संख्या मिळाली, खरेदीचे वर्ष मिळाले, कराराची प्रत मिळाली. सुरक्षा तपासणीची तारीख दिली नव्हती. आणि चौथ्या प्रश्नापुढे लिहिले होते, "अशी नोंद ठेवण्यात येत नाही."

म्हणजे खिडकीवरची पाटी किती वेळा लागते, हे कचेरीलाच माहीत नाही. मुलीने आता प्रथम अपील लिहायला घेतले आहे. नावातले जोडाक्षर मात्र दुरुस्त होऊन आले. नवा दाखला घरी आला त्या दिवशी तिने तो खिडकीजवळ उजेडात धरून एक एक अक्षर वाचून घेतले.