सगळ्यांत लहरी वळसा

तुम्ही हे वाचताय ना, तेव्हाही तुमच्या रक्तात कोट्यवधी बी-पेशी फिरताहेत. प्रत्येकीच्या अंगावर इंग्रजी ‘वाय’सारखे दिसणारे हजारो ग्राही असतात. ग्राही म्हणजे शत्रूला ओळखून पकडणारं प्रथिन. एका पेशीवरचे सगळे ग्राही अगदी एकसारखे, शेजारणीवरचे मात्र निराळे! कुणी फ्लूचा विषाणू ओळखतो, कुणी धनुर्वाताचं विष, तर कुणी जगात अजून आलाच नाही असा एखादा विषाणूसुद्धा. ज्या पेशीचा ग्राही शत्रूला घट्ट चिकटतो, ती पेशी भराभर वाढते आणि तेच ग्राही सुटे करून रक्तात सोडते. त्यांनाच आपण अँटीबॉडी म्हणतो.

पण प्रथिनं बनतात जनुकांवरून, आणि आपल्याकडे जनुकं जेमतेम 20,000. मग इतक्या तऱ्हा येतात कुठून? हे कोडं सुसुमु तोनेगावा या जपानी शास्त्रज्ञांनी सोडवलं आणि 1987 साली त्यांना नोबेल मिळालं. बी-पेशी जन्मताना जनुकाचे तुकडे कापते, त्यांतले मोजके उचलून एकमेकांना जोडते आणि जोडावर डीएनएची वाट्टेल ती नवी अक्षरं घुसवते! वायच्या प्रत्येक हाताच्या टोकाला सहा छोटे वळसे असतात. त्यांतला एक नेमका या जोडातून घडतो. त्याचं नाव एच-थ्री. सहांत सगळ्यांत लहरी हाच, आणि शत्रूला पकडण्याचं मोठं काम बहुतेक वेळा याच्याकडेच.

तो दिसतो कसा? अख्खी अँटीबॉडीच इतकी लहान, की एका मिलिमीटरात लाखभर ओळीने मावतील. आकार कळायला तिचे स्फटिक करून त्यांवर क्ष-किरण सोडायचे, यात महिनेच्या महिने जातात. म्हणून शास्त्रज्ञांना वाटलं, संगणकालाच विचारू या.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. मण्यांचा क्रम कळणं सोपं, पण ती माळ कशी दुमडेल हे सांगणं महाकठीण. 2020 साली अल्फाफोल्ड या प्रोग्रॅमने ते थक्क करणाऱ्या अचूकतेने करून दाखवलं. तो बनवणाऱ्या डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना 2024 साली नोबेल मिळालं. अल्फाफोल्ड एकच प्रथिन माणसात, उंदरात, माशात कसं आहे ते ताडून बघतो. दोन मणी नेहमी जोडीने बदलत आले असतील, तर दुमडल्यावर ते जवळजवळ असणार! काय सुंदर युक्ती आहे, नाही?

एच-थ्रीपुढे मात्र ती अडते. तुमचा एच-थ्री तुमच्याच हाडांतल्या मज्जेत नव्याने घडलेला. त्याचे नातेवाईक उंदरात नाहीत, माशात नाहीत, तुमच्या सख्ख्या भावातही बहुधा नाहीत. मग ताडून बघायचं कशाशी? म्हणून ऑक्सफर्ड आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत खास अँटीबॉडींवरच शिकवलेले प्रोग्रॅम तयार झाले. बाकीचे पाच वळसे संगणक छान ओळखतो. एच-थ्री जितका लांब, तितका अंदाज चुकण्याची भीती जास्त. उत्तर आलं की त्यातले माळेच्या वळणांचे कोन निसर्गात शक्य आहेत का, हे एका आलेखावर तपासतात. तो आलेख 1963 साली मद्रास विद्यापीठातल्या जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाला दिला, आणि तो आजही जगभर वापरतात.

आता गंमत ऐका. माणसाच्या एच-थ्रीत साधारण 15 मणी असतात, पण गाईच्या काही अँटीबॉडींत 60हूनही जास्त! हा वळसा लांब देठासारखा बाहेर येतो आणि त्याच्या टोकाला एक गोळा असतो. या लांबीचा उपयोग काय, ते बघा. एड्सचा विषाणू आपल्या नाजूक जागा साखरेच्या रेणूंच्या दाट आवरणाखाली लपवतो. माणसात त्याचे नाना प्रकार रोखणाऱ्या अँटीबॉडी तयार व्हायला वर्षं लागतात, आणि त्याही थोड्याच रुग्णांत होतात. 2017 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी चार वासरांना या विषाणूचं फक्त एक प्रथिन टोचलं. काही आठवड्यांतच वासरांच्या रक्तात तशा अँटीबॉडी दिसू लागल्या. त्यांतली एक वेगळी काढून बघितली, तर तिचा लांबलचक एच-थ्री साखरेच्या आवरणातून वाट काढत थेट त्या नाजूक जागेपर्यंत पोचत होता!