मुखवट्यातला मिकी आणि चार वर्षांचे मूल

जत्रेतल्या पाळण्यात बसणाऱ्याला पाळणा हवा असतो. पात्राधिष्ठित करमणूक-उद्यानात, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘थीम पार्क’ म्हणतात तेथे, जाणाऱ्याला मात्र पाळण्याइतकेच किंवा त्याहूनही अधिक, पडद्यावर पाहिलेले पात्र प्रत्यक्ष भेटायला हवे असते. अशा उद्यानांचा नमुना ठरलेले डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे, संत्र्यांच्या बागा हटवून मोकळ्या केलेल्या जागेवर सुरू झाले. त्यामागची कल्पना वॉल्ट डिस्ने यांनी पुढे अनेकदा सांगितली आहे. आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसमधील ग्रिफिथ पार्कच्या मेरी-गो-राउंडवर बसवून स्वतः बाकावर वाट पाहत बसताना, आईवडिलांना आणि मुलांना एकत्र मजा करता येईल अशी एखादी जागा असायला हवी, असे त्यांना वाटू लागले. याचा अर्थ असा की हे उद्यान केवळ मुलांसाठीच कल्पिलेले नव्हते, ते बाकावर कंटाळलेल्या बापासाठीही होते. आणि लहान मुलांना घेऊन तेथे गेल्यावर जी ओढाताण होते तिचे मूळ बहुधा याच दुहेरी हेतूत असते.

उद्यानाची रचना पाहिली तर ती मोठ्यांच्या नजरेसाठी किती बारकाईने केली आहे हे लक्षात येते. प्रवेशद्वारातून आत येताच लागणारी ‘मेन स्ट्रीट’ ही विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकी गावाची प्रतिकृती असून तिच्या इमारतींचे वरचे मजले खालच्यापेक्षा लहान प्रमाणात बांधलेले आहेत, त्यामुळे इमारती असतात त्याहून उंच भासतात. रंगभूमीच्या आणि चित्रपटाच्या नेपथ्यात वापरल्या जाणाऱ्या या युक्तीला ‘फोर्स्ड पर्स्पेक्टिव्ह’, म्हणजे मुद्दाम घडवलेला दूरत्वाचा आभास, असे नाव आहे. रस्त्याच्या टोकाला दिसणारा किल्ला प्रत्यक्षात अवघा ७७ फूट उंच आहे, तरी याच युक्तीमुळे तो मोठा वाटतो. उद्यानाभोवती घातलेल्या मातीच्या बांधामुळे बाहेरचे शहर आतून दिसत नाही. या साऱ्या कारागिरीचे कौतुक करावे तितके थोडेच. परंतु बाबागाडीत बसलेल्या किंवा बोट धरून गर्दीतून चालणाऱ्या मुलाला त्या रस्त्यावर प्रामुख्याने दिसतात ते लोकांचे गुडघे, पिशव्या आणि फुगे. गावाकडच्या जुन्या दिवसांची हुरहूर वाटण्याइतके जुने दिवस त्याच्या गाठीशी अजून जमलेले नसतात.

मुलाच्या दृष्टीने खरी घटना घडते ती पात्र समोर येते तेव्हा. डिस्नेच्या उद्यानांत कर्मचाऱ्यांना ‘कास्ट मेंबर’, म्हणजे नटसंचातील सभासद, म्हटले जाते. पाहुण्यांना दिसणारा भाग ‘ऑन स्टेज’ आणि न दिसणारा ‘बॅकस्टेज’ मानला जातो. राजकन्यांसारखी जी पात्रे नट स्वतःच्या चेहऱ्याने साकारतात त्यांना ‘फेस कॅरेक्टर’ म्हणतात आणि ती मुलांशी बोलतात; मिकी, गूफी किंवा प्लूटो यांसारखी पूर्ण मुखवट्याची पात्रे मात्र बहुतेक वेळा मूकच असतात आणि हातवाऱ्यांवर सारे भागवतात. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर वीतभर दिसणारा आणि सतत बोलणारा उंदीर येथे मोठ्या माणसाच्या उंचीचा, भल्यामोठ्या डोक्याचा आणि मुका असतो. त्याला पाहून दोन-तीन वर्षांचे मूल आईच्या पदरात तोंड लपवते, यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

या भीतीवर, नकळत का होईना, प्रकाश टाकणारा एक प्रयोग मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. रीटा डी’व्रीस या अमेरिकी संशोधक महिलेने १९६९ मध्ये प्रकाशित केलेल्या अभ्यासात तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांना मेनार्ड नावाचे एक शांत स्वभावाचे मांजर दाखवले. त्यानंतर मांजराचा पुढचा भाग आडोशामागे नेऊन त्याच्या तोंडावर कुत्र्याचा मुखवटा चढवण्यात आला; तो चढवला जात असताना मांजराची मागची बाजू आणि शेपूट मुलांना सतत दिसत राहील अशी व्यवस्था होती. तरीही तीन वर्षांच्या अनेक मुलांनी तो प्राणी आता कुत्राच झाला आहे, तो भुंकेल, त्याच्या पोटातही कुत्र्याचेच अवयव असतील, अशा अर्थाची उत्तरे दिली, तर सहा वर्षांच्या मुलांना आत मांजरच आहे याविषयी फारशी शंका नव्हती. बाह्य रूप बदलले तरी वस्तूची ओळख बदलत नाही, ही जाणीव या तीन वर्षांच्या अवधीत हळूहळू पक्की होते. तेव्हा ‘अरे, आत माणूस आहे’ अशी समजूत घालणाऱ्या पालकांचा युक्तिवाद तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत कुचकामी ठरतो, कारण तेथे अडचण धैर्याची नसून आकलनाची असते. कोकणात शिमग्याला घुंगरू वाजवत येणाऱ्या काळ्या वेषातल्या संकासुराला पाहून घरात पळणारी पोरे दोन-चार वर्षांनी त्याच्याच मागे ओरडत धावू लागतात, ते याच कारणाने. अशा वेळी मुलाला पात्राच्या हाती सोपवून छायाचित्र काढण्याचा हट्ट न धरता, दहा-पंधरा फुटांवरून नुसते पाहू देणे आणि हात हलवायचा की नाही हे त्याच्यावर सोडणे, हाच शहाणपणा होय. पाच ते सात हे वय या भेटीसाठी सर्वांत सुखाचे म्हणता येईल, कारण त्या वयातले मूल अर्धे जाणून असते आणि उरलेले अर्धे खेळ म्हणून आनंदाने खरे मानते.

भीतीचा प्रश्न खुद्द उद्यानालाही सुटलेला नव्हता. १९५५ मधील स्नो व्हाइटच्या अंधाऱ्या सफरीत स्नो व्हाइट कोठेच दिसत नसे. गाडीत बसलेला पाहुणा हाच स्नो व्हाइट आहे, आणि म्हणून चेटकीण त्याच्याच अंगावर येते, अशी रचनाकारांची चतुर कल्पना होती. ती बहुतेकांच्या ध्यानीच आली नाही आणि नायिका कुठे आहे, अशी विचारणा होत राहिली. १९८३ मध्ये सफरीची पुनर्रचना होऊन नायिका अवतरली, त्याच वेळी ‘भीतिदायक’ असा शब्दही नावात उघडपणे घालण्यात आला. पुढे २०२१ मध्ये तो शब्द काढून सफर अधिक सौम्य करण्यात आली.

मुलाचे वय जसे मुखवट्यापुढे आड येते, तशी त्याची उंची वेगवान खेळांपुढे आड येते. कॅलिफोर्नियातील ‘बिग थंडर माउंटन’ या खाणीतल्या आगगाडीसारख्या खेळासाठी किमान ४० इंच, म्हणजे सुमारे १०२ सेंटिमीटर, उंची लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणकांनुसार चार वर्षांच्या मुलाची मध्यक उंची साधारण १०३ सेंटिमीटर असते. याचा व्यवहारातला अर्थ असा की एकाच वयाच्या दोन चुलत भावंडांपैकी एकाला आत सोडले जाते आणि दुसरे दारातच भोकाड पसरते, म्हणून घरातून निघण्यापूर्वी भिंतीशी उभे करून उंची मोजणे हे नंतरच्या समजुतीपेक्षा सोपे पडते. अशा खेळांसाठी ‘रायडर स्विच’ नावाची सोय असते, तीत आईवडिलांपैकी एक जण मुलाजवळ थांबतो आणि दुसरा परत आल्यावर त्या थांबलेल्याला पुन्हा सगळी रांग लावावी लागत नाही. रांग हा तर लहान मुलांचा खरा शत्रू. फ्लोरिडातील डिस्ने उद्यानात २०१२ मध्ये उडत्या डम्बो हत्तीच्या खेळासाठी सर्कशीच्या तंबूसारखी जागा बांधून पालकांच्या हाती पेजर देण्याची पद्धत सुरू झाली, ज्यामुळे आपली पाळी येईपर्यंत मुलांना तंबूत हुंदडता येई. डम्बोला उंचीची अट नाही, आणि अनेक मुलांना तो तंबूच हत्तीपेक्षा अधिक आवडला असेल तर ते समजण्यासारखे आहे.

भारतात डिस्नेचे उद्यान नाही, त्यामुळे महाराष्ट्रातील कुटुंबे सहलकंपन्यांबरोबर हाँगकाँगला किंवा युरोपच्या फेरीत पॅरिसला जातात, तीही बहुधा मे महिन्याच्या सुटीत. या दोहोंत निवड करताना तिकिटांच्या दरांइतकाच घड्याळाचा विचार व्हायला हवा. हाँगकाँगचे घड्याळ भारतापेक्षा अडीच तास पुढे असल्याने तेथील रात्री नऊचा रोषणाईचा खेळ मुलाच्या शरीराला संध्याकाळी साडेसहाचा वाटतो, मात्र सकाळी आठला त्याला उठवणे म्हणजे पहाटे साडेपाचला उठवणे होय. पॅरिसमध्ये उन्हाळ्यात हेच गणित उलटे असते. तेथे मे महिन्यात अंधारच इतक्या उशिरा पडतो की रात्री दहाला दिवे लागेपर्यंत मुलाच्या अंगात भारतातले दीड वाजलेले असतात. दुपारी दोन तास मुक्कामी परतून झोप काढणे हे पैसे वाया घालवणे नव्हे, उलट तो सर्वांत किफायतशीर खर्च होय, पण बसच्या वेळेला बांधलेल्या सहलीत ते जमतेच असे नाही.

कॅलिफोर्निया आणि हाँगकाँग येथे तीन वर्षांखालील मुलांना तिकीट नसते, टोकियोत तीन वर्षे पूर्ण झालेले मूलही फुकट जाते. फुकट आहे तोवर नेऊन आणावे, हा हिशेब त्यामुळे अनेक घरांत मांडला जातो. पण या वयातले जवळजवळ काहीच पुढे स्वतःहून आठवत नाही. बहुतेक माणसांच्या सर्वांत जुन्या आठवणी तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासच्या असतात आणि त्याआधीच्या रिकाम्या काळाला मानसशास्त्रात ‘बालस्मृतिलोप’ म्हणतात. मुलाला त्या दिवसापुरता मिळालेला आनंद त्यामुळे खोटा ठरत नाही, फक्त पुढे तो छायाचित्रांतून आणि घरच्यांच्या सांगण्यातून उभा राहतो, आणि अशी उभी राहिलेली आठवण किती लवचीक असते हे एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये डिस्नेच्याच उदाहरणावरून दाखवले. त्यांनी काही प्रौढांना डिस्ने उद्यानाची एक बनावट जाहिरात वाचायला दिली, तीत बग्ज बनी हा ससा मुलांना भेटत असल्याचा उल्लेख होता. नंतर त्यांपैकी काहींनी आपण लहानपणी तेथे बग्ज बनीला भेटलो, त्याच्याशी हस्तांदोलन केले, असे सांगितले. बग्ज बनी हे वॉर्नर ब्रदर्स या प्रतिस्पर्धी कंपनीचे पात्र आहे आणि डिस्नेच्या उद्यानात ते कोणालाही भेटणे शक्यच नव्हते.