मूळ गाव?

परवा लेकीचा अकरावीचा फॉर्म भरायला बसलो होतो. नाव झालं, जन्मतारीख झाली. ‘मूळ गाव’ या रकान्यापाशी मात्र ती थांबली. ‘‘आई, इथे काय लिहू?’’

मी पटकन म्हटलं, ‘‘चिपळूण.’’

‘‘तिथे आपण गणपतीला जातो फक्त. तेही तीनदाच गेलोय!’’

खरंच होतं तिचं. जन्म सिंगापूरचा, शाळेत गेली टोरांटोला आणि गेली तीन वर्षं पुण्यात. इथे आल्यापासून तिच्या पलंगाखाली एक बॅग आहे, अजून न उघडलेली. कितीदा सांगितलं, ‘‘अगं, लाव ते सामान कपाटात.’’ एकच उत्तर, ‘‘कशाला? परत कुठेतरी जायचंच असेल ना!’’

मैत्रिणींनो, तिच्यावर रागावायचा मला काय अधिकार? मीही अशीच वाढले. माझे बाबा नोकरीनिमित्त कुवेतला होते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केलं, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. काही आठवड्यांनी आम्ही बसने इराकमार्गे जॉर्डनच्या अम्मानला पोहोचलो आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. दीड लाखाहून जास्त भारतीय तेव्हा असेच मायदेशी आले. जीव वाचला यातच सगळ्यांना आनंद. पण शेजारच्या माझ्या पॅलेस्टिनी मैत्रिणीला ‘येते गं’ म्हणायचं राहून गेलं. पुढे युद्धानंतर कुवेतमधले बहुतेक पॅलेस्टिनीही तिथून गेले. ती कुठे गेली, कधीच कळलं नाही.

चिपळूणच्या शाळेत मी ‘कुवेतवाली’ झाले. कुवेतमध्ये होते ‘हिंदी’, कारण अरबीत भारतीयाला तसंच म्हणतात. मग मी नेमकी कुठली? हा प्रश्न घरी विचारायची सोय नव्हती. ‘‘सुखरूप आलीस ना? मग झालं तर!’’ असं आजी म्हणायची.

अशा मुलांना अभ्यासकांनी ‘तिसऱ्या संस्कृतीची मुलं’ म्हटलंय, हे मला फार उशिरा कळलं. रूथ युसीम या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी हा शब्द रूढ केला. गंमत म्हणजे १९५०च्या दशकात त्या पतीबरोबर भारतातच आल्या होत्या, इथे राहणाऱ्या अमेरिकनांचा अभ्यास करायला. आईवडिलांची संस्कृती एक, राहत्या देशाची दुसरी आणि या दोन्हींच्या मधली ती तिसरी. पुढे डेव्हिड पोलॉक आणि रूथ व्हॅन रेकन यांनी १९९९ साली या मुलांवर पुस्तक लिहिलं. अशा मुलांचं दु:ख बाहेरून दिसत नाही, कारण विमान, परदेश, चांगली शाळा हेच लोकांना दिसतं. जे मागे सुटतं, त्यासाठी कुणी रडू देत नाही.

हे वाचलं आणि इतक्या वर्षांनी मी रडले.

आठवड्यातून तीन दिवस मी बांधकाम मजुरांच्या मुलांना शिकवते. त्यांच्याकडे पासपोर्ट नाही, पण त्यांचंही तेच. साइट संपली की बिऱ्हाड हलतं, शाळा सुटते. म्हणून आम्ही एक प्रथा सुरू केली. जाणाऱ्या मुलाला एक वही द्यायची आणि तिच्यात प्रत्येकाने काहीतरी लिहायचं किंवा चित्र काढायचं. निरोप घेतल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही.

गेल्या महिन्यात लेक माझ्याबरोबर आली होती. एका मुलीच्या वहीवर तिनेही चित्र काढलं. घरी येताना रिक्षात गप्पगप्प होती. मग हळूच म्हणाली, ‘‘टोरांटोहून निघताना माझी वही कुणी केली नव्हती.’’

मी म्हटलं, ‘‘चुकलं गं आमचं.’’

त्या रात्री बसून तिने तिकडच्या चार मैत्रिणींना पत्रं लिहिली. दुसऱ्या दिवशी पाहते, तर बॅग पलंगावर उघडी! आत बर्फातले हातमोजे, मैत्रिणींचे फोटो आणि सिंगापूरच्या बालवाडीतला इवलासा गणवेश.

आणि फॉर्म? तिने ‘चिपळूण’च लिहिलं. म्हणाली, ‘‘रकाना लहान आहे गं. सगळं मावत नाही!’’